आयपी मिळतो, मग नोड उठत का नाही?

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की क्लस्टरचं (एका कामाला एकत्र जुंपलेले सर्व्हर, त्यातला एकेक म्हणजे नोड) काही अडलं असेल तर कळवा, तर नाशकातून एवढे मेल आले की लॅपटॉप-प्रिंटरवाले या वेळी बाजूला ठेवावे लागले, त्यांनी राग मानू नये. चार पत्रं घेतोय. पहिलं लांब आहे पण ते नीट वाचलं तर बाकीच्यांचं अर्धं काम तिथेच होऊन जातं.

प्रश्न : सर, आमचं कॉलेज गंगापूर रोडच्या बाजूला आहे. डिपार्टमेंटला आठ नवीन सर्व्हर आलेत, जुने बारा आधीपासून चालू आहेत, त्यांच्यावर आम्ही डब्ल्यूआरएफ हे हवामानाचं मॉडेल चालवतो, द्राक्षबागांसाठी पावसाचा आणि दवाचा अंदाज काढायचा प्रोजेक्ट आहे. जुने नोड हेड नोडवरून, म्हणजे मुख्य सर्व्हरवरून, नेटवर्क बूट होतात, कुणाला डिस्क नाही. त्याच वायरीला त्याच स्विचला नवीन सर्व्हर लावला की स्क्रीनवर आयपी येतो, फाईल डाउनलोड झाली असं पण येतं आणि मग काहीच नाही, परत बूट मेनू. एका नोडला मी बायोसमध्ये बूट मोड लेगसी (जुन्या पद्धतीचा) केला तर तो पुढे गेला, पण कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लोड झाल्यावर ड्रॅकटचा (लिनक्सचं बूटच्या सुरुवातीचं टूल) टाईमआउट येऊन इमर्जन्सी शेलमध्ये जाऊन बसला. व्हेंडर म्हणतो हार्डवेअर ओके आहे, तुमचं सॉफ्टवेअर बघा. ज्या सरांनी सगळं सेटअप केलं होतं ते रिटायर झाले, त्यांची एक वही आहे पण त्यात नुसते पासवर्ड आहेत. ऑक्टोबर छाटणीच्या आत नवीन नोड चालू पाहिजेत असं एचओडी सर म्हणतात. काय करू?
— एक लॅब असिस्टंट, नाशिक

उत्तर : दादा, व्हेंडर खोटं बोलत नाहीये आणि तुमचंही काही चुकलेलं नाही. तुमच्याकडे दोन वेगवेगळे लोचे आहेत आणि लेगसी मोड केल्यामुळे तुम्ही पहिल्यावरून उडी मारून थेट दुसऱ्यात पडलात, म्हणून सगळं गोंधळल्यासारखं वाटतंय.

नेटवर्क बूटमध्ये मशीन आयपी एकदाच मागत नाही हो. आपण स्क्रीनवर एकदा बघतो आणि म्हणतो, मिळाला की! पण पहिल्यांदा मागतं ते नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर (कार्डातच भरलेलं सॉफ्टवेअर), म्हणजे पीएक्सई, ज्याला सगळे पिक्सीच म्हणतात. ही इंटेलची नव्वदच्या दशकातली चीज, तिचं २.१ स्पेसिफिकेशन १९९९ चं, आणि अजून निम्मं जग त्याच्यावरच उठतंय. मध्ये आयपिक्सीसारखा बूटलोडर (कर्नल उचलून आणणारा छोटा प्रोग्राम) असेल तर तो स्वतः परत एकदा मागतो. मग लिनक्सचं कर्नल आलं की ते आधीचं सगळं विसरतं, कोरी पाटी, आणि स्वतःच्या ड्रायव्हरने पुन्हा मागतं. म्हणजे पहिल्या पायरीला आयपी मिळाला याचा अर्थ वायर ठीक, स्विच ठीक, आयपी वाटणारा डीएचसीपी सर्व्हर जागा आहे, एवढाच. लिनक्स त्या कार्डाला ओळखतं का याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, कारण तिथे कार्ड स्वतःचा ड्रायव्हर स्वतःच्याच चिपमधून घेऊन आलेलं असतं.

गोदेला पूर आला की आपण क्युसेक विचारत नाही, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं ते विचारतो. बूटचंही तेच, कुठपर्यंत आलं ते आधी बघायचं आणि मगच हात लावायचा. स्क्रीनवर पीएक्सई-ई६१ आलं तर लिंकच नाही, वायर बघा. ई५१ किंवा नव्या मशीनवर ई१६ आलं तर डीएचसीपीचं उत्तरच पोचत नाहीये. ई५३ म्हणजे पत्ता मिळाला पण कुठली फाईल उचलायची ते कुणी सांगितलं नाही, आणि ई३२ म्हणजे फाईलचं नाव कळलं पण फाईल देणारं टीएफटीपी दार उघडेना. ड्रॅकटचं इमर्जन्सी शेल आलं की पिक्सीचा विषय संपला, आता त्याला शिव्या देऊन उपयोग नाही.

आता तुमचा पहिला लोचा. जुने नोड बायोस मोडमध्ये उठतात, त्यांना पीएक्सईलिनक्स या बूटलोडरची बायोसवाली फाईल लागते आणि हेड नोड ती देतो. नवीन सर्व्हर यूईएफआयवाले, म्हणजे बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर असलेले. त्यांना तीच फाईल दिली की ते ती मुकाट उतरवून घेतात, डाउनलोड सक्सेसफुल म्हणून छातीठोक लिहितात, मग ती चालवता येत नाही म्हणून गपचूप मेनूत परत, धड एररसुद्धा देत नाहीत. मशीन आयपी मागतं तेव्हा त्या विनंतीत ९३ नंबरचं डीएचसीपी ऑप्शन घालतं, त्यात ० असेल तर जुनं बायोस आणि ७ असेल तर ६४ बिट यूईएफआय. सर्व्हरने तो आकडा बघून फाईल निवडायची असते. तुमच्या सरांच्या वेळी सगळेच ० वाले असणार म्हणून त्यांनी एकच नाव ठोकून लिहिलं, त्यांचंही बरोबरच होतं तेव्हा. हेड नोडवर डीएचसीपीसाठी डीएनएसमास्क असेल तर दोन ओळींचं काम आहे, एक ओळ क्लायंट-आर्च (तेच ९३ नंबरचं ऑप्शन) ७ आलं की टॅग लावणारी आणि दुसरी त्या टॅगला शिमची (सही तपासून पुढचा बूटलोडर उठवणारा छोटा प्रोग्राम) ईएफआय फाईल देणारी. आयएससी या संस्थेचा जुना डीएचसीपी असेल तर तिथे इफ-एल्स लिहायचं. तो सर्व्हर २०२२ मध्ये त्यांनी बंद केलाय, कधीतरी त्यांच्याच नव्या कीयावर जावं लागेल, पण आत्ता नका जाऊ, एका वेळी एकच भानगड. आणि शिमच्या शेजारी त्याच फोल्डरमध्ये ग्रब या बूटलोडरची ईएफआय फाईल ठेवा, शिम तिला तिथेच शोधतं, हे नव्वद टक्के लोक विसरतात (आकडा माझा, मनाचा).

मध्ये आयपिक्सी वापरत असाल तर दोन गोष्टी. त्याची जी नेहमीची ईएफआय फाईल असते तिच्यात त्याचे स्वतःचे ड्रायव्हर असतात, अगदी नवीन कार्डावर ती कधीकधी लटकते, तेव्हा एसएनपी-ओन्ली नावाची फाईल द्या, ती फर्मवेअरचाच ड्रायव्हर वापरते आणि निमूट चालते. दुसरं म्हणजे आयपिक्सी परत आयपी मागायला आलं की त्याला ओळखा आणि स्क्रिप्ट द्या, नाहीतर त्याला पुन्हा आयपिक्सीच मिळतं, ते पुन्हा मागतं, पुन्हा तेच, आणि तुम्ही समोर चहा घेऊन बसलेले.

लेगसी केलेला तो नोड आधी परत यूईएफआयवर आणा. आज भागतंय म्हणून ठेवाल, पुढच्या खरेदीत येणाऱ्या सर्व्हरमध्ये लेगसी असेलच याची खात्री नाही आणि मग वीस नोडांचे दोन पंथ सांभाळत बसाल.

दुसरा लोचा ड्रायव्हरचा, आणि खरं सांगू का, खरा तोच आहे. पिक्सी दोन फाईली आणून देतं, कर्नल आणि इनिट-आरडी. इनिट-आरडी म्हणजे घरातून निघताना घेतलेली छोटी पिशवी, त्यात जे ड्रायव्हर असतील तेवढ्यावरच कर्नलला पुढचा रस्ता काढायचा असतो. रेड हॅटच्या घराण्यात (सेंटओएस, रॉकी, अल्मा ही लिनक्सं त्यातलीच) ड्रॅकट ही पिशवी भरतं आणि बाय डिफॉल्ट होस्ट-ओन्ली भरतं, म्हणजे ज्या मशीनवर बनवली त्याच मशीनला लागेल तेवढंच. तुमची पिशवी जुन्या नोडवर भरलेली. नवीन कार्डाचा ड्रायव्हर त्यात नाही, कर्नलला कार्ड दिसत नाही, रूट फाईलसिस्टीम (जिच्यात बाकीचं सगळं लिनक्स असतं) नेटवर्कवर, म्हणून ते थांबून थांबून टाईमआउट. इमर्जन्सी शेलमध्ये आयपी-ए मारून बघा, नुसता एलओ (मशीनचं स्वतःशीच बोलायचं नावापुरतं कार्ड) दिसेल, पैज लावतो.

तर कार्ड कुठलं आहे ते काढा. त्या शेलमध्ये मशीनमधली कार्डं दाखवणारं एलएसपीसीआय बहुतेक नसतंच, म्हणून पेनड्राइव्हवर एखादं ताजं लाइव्ह लिनक्स घेऊन नोड त्याच्यावर उठवा आणि एलएसपीसीआयला एनएनके लावून चालवा. त्यात चार-चार अक्षरांची जोडी दिसेल, पहिली चार कंपनीची, दुसरी चार मॉडेलची. ८०८६ इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम, १५बी३ मेलॅनॉक्स. खाली कुठला ड्रायव्हर लागलाय तेही येतं, इंटेलच्या ई८१० ला आईस, एक्स७१० ला आय४०ई, ब्रॉडकॉमच्या नवीन कार्डांना बीएनएक्सटी-ईएन, मेलॅनॉक्सला एमएलएक्स५-कोर. ती जोडी वहीत लिहा, पासवर्डच्या शेजारी.

आता हेड नोडवर, नोडांना जी इमेज देता तिच्या आत मॉडइन्फो चालवून बघा की त्या ड्रायव्हरच्या एलियस यादीत (त्याला ओळखता येणारी कार्डं) तुमची जोडी आहे का. नुसतं ड्रायव्हरचं नाव सापडलं म्हणून खूश होऊ नका, जुन्या कर्नलमधल्या त्याच नावाच्या ड्रायव्हरला नवीन मॉडेलची ओळखच नसते, जसं जुन्या पोस्टमनला नवीन कॉलनी. यादीत असेल तर सोपं, ड्रॅकट नो-होस्टओन्ली लावून परत चालवा, ॲड-ड्रायव्हर्समध्ये नाव द्या, आणि एलएसइनिटआरडीने उघडून खात्री करा की मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरची फाईल, आत गेलंय. फर्मवेअरची फाईलही बघा. आईसला त्याची डीडीपी पॅकेजची फाईल मिळाली नाही तर ते सेफ मोडमध्ये जातं, चालतं पण निम्मी अक्कल बाहेर ठेवून. यादीत नसेल तर इमेजचं कर्नल नवीन घ्या, आणि घेतलं की कर्नल फाईल, इनिट-आरडी आणि इमेजमधले मॉड्यूल तिन्ही एकाच व्हर्जनचे ठेवा. टीएफटीपी फोल्डरमध्ये नवीन कर्नल टाकायचं आणि इनिट-आरडी जुनीच ठेवायची, हा घोळ मी स्वतः केलाय, एक अख्खा शनिवार गेला होता.

आणि आठही नोडांवर एकदम प्रयोग नको. एक नोड काढा, बाकीचे सात बंद ठेवा. छाटणीच्या बऱ्याच आधी होईल.

प्रश्न : नमस्कार, मी अंबडच्या एमआयडीसीत एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत आयटी बघते. सिम्युलेशनसाठी चार सर्व्हर घेतलेत, २५ जीची (२५ गिगाबिटची) नेटवर्क कार्डं आहेत. वेगळाच त्रास आहे. पिक्सीला आयपी मिळतो, इन्स्टॉलर सुरू होतो, मग म्हणतो नेटवर्क नाही. रीट्राय केलं की कधीकधी चालतं. म्हणजे ड्रायव्हर असणार ना? आणि एकावर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. व्हेंडरचा इंजिनियर पुण्याहून येतो, चार वाजले की त्याला परतीची घाई, त्याच्यासमोर एकदाही फॉल्ट येत नाही.
— अंबड

उत्तर : ताई, फॉल्ट माणूस बघून येतो हे तर आपल्याकडे रिक्षापासून रॉकेटपर्यंत सगळ्यांना माहितीये. पण रीट्रायला चालतं म्हणजे ड्रायव्हर आहेच. नसता तर शंभर वेळा करून पण चाललं नसतं. तुमचा संशयित स्विच आहे.

स्विचमध्ये लूप होऊ नये म्हणून स्पॅनिंग ट्री असतं, त्याच्या जुन्या पद्धतीत पोर्टची लिंक वर आली की स्विच आधी १५ सेकंद ऐकतो, मग १५ सेकंद शिकतो, आणि ३० सेकंदांनी पॅकेट सोडायला लागतो. पिक्सी स्पेसिफिकेशनप्रमाणे ४, ८, १६, ३२ असं मिळून ६० सेकंद वाट बघतं म्हणून ते कसंबसं तरून जातं. पण वर सांगितलं तसं, कर्नलचा ड्रायव्हर लागला की तो कार्ड रीसेट करतो, लिंक पडते, परत उठते, आणि स्विचचे ३० सेकंद पुन्हा पहिल्यापासून. इन्स्टॉलरला तेवढा धीर नसला की तो म्हणतो नेटवर्क नाही, तुम्ही रीट्राय दाबता तोवर पोर्ट मोकळं झालेलं असतं. सर्व्हरच्या पोर्टांवर पोर्टफास्ट, दुसऱ्या कंपनीच्या स्विचवर एज पोर्ट म्हणतात, ते चालू करा. फक्त सर्व्हरच्या पोर्टांवर हं, दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टवर नको, नाहीतर लूप झाला की सगळी कंपनी बसेल.

दोन पोर्ट एकत्र बांधून एलएसीपी केलं असेल तर तिथेही बघा. पिक्सीला एलएसीपी येत नाही, स्विच त्याची वाट बघत पोर्ट अडवून ठेवतो. स्विचवर फोर्स-अप किंवा फॉलबॅक अशा नावाची सेटिंग असते, ती लावा, किंवा इन्स्टॉल होईपर्यंत एकच पोर्ट साधा ठेवा. २५ जीत अजून एक गंमत, दोन्ही टोकांना एफईसीची (वायरीवरच्या चुका दुरुस्त करण्याची) सेटिंग सारखी नसेल तर लिंकच उठत नाही, वायर बदलत बसतात लोक. तुमची उठतेय म्हणजे तुम्ही त्यातून सुटलात.

डिस्क न दिसणाऱ्या सर्व्हरचं बघा की एनव्हीएमई डिस्क आहेत का आणि बायोसमध्ये इंटेलचं व्हीएमडी (या डिस्क सांभाळणारा मधला थर) चालू आहे का. ते चालू असलं की डिस्क व्हीएमडीच्या पडद्याआड जातात आणि इन्स्टॉलरमध्ये त्याचा ड्रायव्हर नसेल तर डिस्क नाहीतच असं वाटतं. त्या डिस्कचं रेड (अनेक डिस्क एकत्र बांधणं, रेड हॅट वेगळं) व्हीएमडीवर करायचं नसेल तर ते बंद करा, विषय संपला. मात्र चालू सर्व्हरवर, ज्यात डेटा आहे त्यावर, असं करून बघू नका. रेड कार्ड वेगळं असेल तर त्याचा ड्रायव्हर, बऱ्याचदा मेगारेड-एसएएस नाहीतर एमपीटी३एसएएस, वरच्यासारखाच जोडीने तपासा. उलटा किस्सा पण होतो, कार्ड जुनं आणि ओएस नवीन, कारण रेड हॅटने ८ व्या व्हर्जनमध्ये बऱ्याच जुन्या कंट्रोलरांचा सपोर्ट काढला. त्यासाठी ईएलरेपो या साइटवर ड्रायव्हर अपडेट डिस्क मिळते, बूटच्या ओळीत इन्स्ट-डॉट-डीडी लिहून तिचा पत्ता द्यायचा.

प्रश्न : सर मी डिप्लोमाला आहे, कॉलेजमध्ये चार सर्व्हरचा छोटा क्लस्टर करतोय. सर्व्हरवरच्या स्टिकरवरचा मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा ओळख नंबर) डीएचसीपीत टाकला, लॉगमध्ये तो मॅक येतो, आयपी पण जातो, पिंग पण होतो, पण स्क्रीनवर ई५१. भूत आहे का?
— नाशिक रोड

उत्तर : भूत नाही रे, बीएमसी आहे. सर्व्हर बंद असला तरी आत एक छोटा कॉम्प्युटर जागा असतो, लांबून चालू-बंद करायला, आणि तो स्टिकर बहुतेक त्याचा आहे. तू पिंग करतोयस तो पहारेकरी, घरमालक अजून झोपलेला आहे. सर्व्हर बंद करून पिंग करून बघ, तरी उत्तर आलं तर नक्की. खरा मॅक पिक्सीच्या स्क्रीनवरच लिहिलेला असतो, नाहीतर हेड नोडवर टीसीपीडम्प (वायरीवरची पॅकेटं दाखवणारं टूल) लावून डीएचसीपीच्या ६७ आणि ६८ पोर्टवर कोण ओरडतंय ते बघ. आणि लॅबमध्ये कुणी घरून आणलेला वायफाय राउटर त्याच स्विचला लावला नाहीये ना तेही बघ. तोही आयपी वाटतो आणि ज्याचं उत्तर आधी त्याचं खरं. एका लॅबमध्ये क्लस्टर दर मंगळवारी आजारी पडायचा, मंगळवारी एका सरांचं गेस्ट लेक्चर असायचं आणि ते राउटर घेऊन यायचे.

प्रश्न : आमच्या सॉफ्टवेअरला सेंटओएस ७ (जुनं लिनक्स) च लागतं असं बॉसचं म्हणणं आहे. नवीन सर्व्हरवर त्याचा इन्स्टॉलर पिक्सीवरून येतो, पण कार्डही नाही दिसत आणि रेडही नाही. ड्रायव्हर कंपाईल करून घालायचे का? इनिट-आरडी मोठी झाली की टीएफटीपीवरून यायला फार वेळ लागतो, तेही सांगा.
— सातपूर

उत्तर : भाऊ, सेंटओएस ७ चं कर्नल ३.१० च्या पायावर आहे. मूळ ३.१० आलं ३० जून २०१३ ला आणि सेंटओएस ७ चा सपोर्ट संपला ३० जून २०२४ ला, बरोबर अकरा वर्षांनी. मधल्या काळात रेड हॅटने त्यात बरेच नवीन ड्रायव्हर पुढच्या कर्नलमधून आणून घातले, पण ते काम आता थांबलंय आणि तुमचं कार्ड त्याच्या नंतरचं दिसतंय. कंपाईल करता येतं, कार्डाच्या कंपनीकडे सोर्स असतो, पण मग सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल घेत नाही, कार्डाचं झालं की रेडचं निघतं, रेडचं झालं की तिसरंच काही. यमच्या (पॅकेजं उतरवून बसवणारं टूल) मिररही हलल्यात, जुनी पॅकेजं आता व्हॉल्ट नावाच्या जुन्या साठ्यावर आहेत, म्हणजे कंपायलर आणण्यापासून सुरुवात.

मी असतो तर असं केलं असतं. नोडवर रॉकी किंवा अल्मा ९, त्याचं कर्नल ५.१४, कार्ड आणि रेड दोन्ही ओळखण्याची शक्यता कितीतरी जास्त, आणि तुमचं सॉफ्टवेअर सेंटओएस ७ च्या कंटेनरमध्ये (आत जुन्या ओएसच्या फाईली असलेला बंद डबा) ॲपटेनरवर, जे आधी सिंग्युलॅरिटी म्हणून होतं. कंटेनरला स्वतःचं कर्नल नसतं, खालच्याचंच वापरतो, म्हणून ड्रायव्हरची कटकट राहत नाही, आणि सॉफ्टवेअरला आत बघितलं की जीलिबसी (प्रोग्रामना लागणारी मूळ लायब्ररी) २.१७ सापडते, ते खूश. बॉसला सेंटओएस ७ च लागतं म्हणजे बहुतेक वेळा ही जीलिबसीच लागत असते, कर्नल नाही. लायसन्स मॅक ॲड्रेसवर असेल तर ॲपटेनरमध्ये खालच्या मशीनचाच मॅक दिसतो. एका नोडवर चालवून बघा, जुन्या मशीनवरचं एक उत्तर आणि इथलं उत्तर ताडून बघा, मग बॉसला दाखवा.

टीएफटीपीचं म्हणाल तर ते १९९२ च्या नियमावर चालतं, ५१२ बाइटचा तुकडा, प्रत्येक तुकड्याला पोच, मग पुढचा. तुकड्यांचा नंबर १६ बिटचा असल्यामुळे जुन्या क्लायंटवर ३२ एमबीच्या आसपास गाडी अडायचीही. आता तुकडा मोठा करता येतो, पण त्यापेक्षा टीएफटीपीवरून फक्त बूटलोडर आणा आणि कर्नल, इनिट-आरडी एचटीटीपीवरून घ्या, आयपिक्सीला ते येतं. हेड नोड आणि नोड यांच्यामध्ये फायरवॉल असेल तर तेही याने सुटतं, कारण टीएफटीपीत विनंती जाते ६९ वर आणि उत्तर येतं भलत्याच पोर्टवरून, फायरवॉलला ते परकं वाटतं. नोड वेगळ्या व्हीलॅनवर (स्विचवरच वेगळं पाडलेलं नेटवर्क) असतील तर मात्र स्विचवर डीएचसीपी रिले लावावाच लागेल, ब्रॉडकास्ट व्हीलॅन ओलांडत नाही. ते तुमच्याकडे आहे का ते पत्रात लिहिलेलं नाही, इन्स्टॉलर येतोय म्हणजे बहुधा असेल.